सहावा वाटा

वहीत लिहून ठेवतो, उद्या कुणी तोंड उघडू नये.
अमावस्येनंतरचे बारा दिवस. बांगडा बरा, भाव मध्यम.
डिझेल वजा, बर्फ वजा.
होडीचे दोन वाटे, जाळ्याचा एक,
खलाशांचे सहा.

होडीवर खलाशी पाचच होते.

सहावा, लवू जाक्कर,
रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये
शर्ट काढून बसला होता.

पोरगी पावणेदोन किलोलाही कमी.
पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा
त्याच्या हातानं आपोआप तोललं तिला,
लिलावाआधी सुरमई तोलतो तसं.
मग स्वतःचीच लाज वाटून
तो काट्याकडे बघेना.
हात चुकला होता फक्त वीस ग्रॅमनं.

समिधाला रक्त चढत होतं.
शिगवण सिस्टर म्हणाली,
हिला मी आज उठवणार नाही, बाळाला ऊब हवी,
तुमची छाती आहे ना?
लवू म्हणाला, अंगाला मासळीचा वास येतो.
ती म्हणाली, साबण तिकडं आहे.
आणि राहिला थोडा, तर राहू दे,
घर कुठलं ते कळेल तिला.

मग टोपडं, मोजे, लंगोट, एवढ्यावर
ती त्याच्या छातीशी चिकटून, बेडकीएवढी,
वरून समिधाची जुनी साडी गुंडाळलेली.
वॉर्डातल्या बायका पदराआड हसल्या.
दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक
फोनवर नवऱ्याला सांगत होती,
ये रं जरा, बघून जा.

मी गेलो पेजेचा डबा घेऊन.
जाळं ओढताना ज्याचा आवाज
खाडीपलीकडं जातो, तो गडी
ओठ न हलवता म्हणाला,
हळू, तांडेल. आत्ताच झोपलीय.

मी दारातच थांबलो.

माझी पहिली अशीच, दिवस भरायच्या आधीची.
आत सुईण, आई, दोन चुलत्या.
मी अंगणात विडी ओढत.
पुरुषाचं तिथं काय काम, सगळेच म्हणायचे,
मीही म्हणत होतो.
भरतीची वेळ झाली, होडी लोटली.
तिसऱ्या दिवशी परतलो तर
पाळण्याची दोरी
सोडून ठेवलेली.

छाती तेव्हाही होती मला.
चांगली रुंद.

आता काशिनाथ विचारतो,
बसून राहिलेल्याला वाटा कसला?
त्याला म्हटलं, त्या रात्री
गाडी वरच्या रस्त्यावर उभी होती,
पाखाडीच्या बावन्न पायऱ्या
समिधाला मंडळाच्या खुर्चीत बसवून चढवली,
तिचा मागचा उजवा पाय तूच धरला होतास, खुर्चीचा.
शौकत सोलकर एक बाटली रक्त देऊन
पहाटे परत जाळ्यावर आला.
तुम्ही दोघांनी मागितला का वाटा?
नाही ना?
मग ज्यानं बारा दिवस
जाळ्यात काही नसताना
दोर सोडला नाही, त्याचा का मोजतोस?

कुणी काही बोललं नाही.
शौकतनं टोपली सरकवली.

तपशिलाच्या रकान्यात
मी लिहिलं : ऊब.
खाली पाच सह्या.

काशिनाथ सही करून तिथंच रेंगाळला.
त्याची बायको शिमग्याच्या सुमाराला मोकळी होईल.
पेनाचं टोपण लावत, माझ्याकडं न बघता म्हणाला,
तांडेल,
आधी सांगावं लागतं का हे?