कातर

पहाटे साडेचारला आल्तिनोवर
फुगा भरायला घेते मी.
हायड्रोजनला वास नसतो,
तरी सव्वीस वर्षांत माझ्या ओढणीला काहीतरी लागलंच आहे.
रबर आणि दमट टाल्कम, असं नवरा म्हणतो.
मला येत नाही तो.

दोरीला यंत्र, साबणाच्या वडीएवढं.
सोडताना तळहाताला एक हिसका बसतो,
मग काहीच नाही.

आषाढात फुगा आधी पूर्वेला पळतो:
रायबंदर, चोडणचं पाणी, डिचोली,
पश्चिमेचा वारा त्याला मानगूट धरून नेतो सत्तरीकडे.
पडद्यावर आकडे ठिबकत राहतात.
सहा-सात किलोमीटरवर तो घुटमळतो,
चप्पल काढू की नको करणाऱ्या पाहुण्यासारखा.
आणि त्याच्याही वर
पूर्वेचा वारा, खालच्याची ओळखसुद्धा न दाखवता,
त्याला उलटा फिरवून समुद्राकडे धाडतो.
माझ्याच डोक्यावरून परत जातो तो,
ढगांच्या पलीकडून.

पुस्तकात याला वायुकर्तन म्हणतात.
मी कातर म्हणते.
वादळाला उभं राहायला सरळ कणा लागतो.
वरच्या-खालच्या वाऱ्यांत तेढ असली
की डोकं एकीकडे वाहून जातं, धड एकीकडे,
आणि उरतो नुसता पाऊस,
कौलं भिजवणारा, कपडे न वाळवू देणारा, बिचारा पाऊस.

हे करंझाळ्याच्या इनासला एका वाक्यात कळलं होतं.
बुलेटिन तो ऐकत नाही; ते सगळ्यांसाठी असतं म्हणतो.
फोन करतो नि विचारतो,
"आज भांडतात?"
"कडाकडा."
"मग बरं."

दसऱ्यानंतर मात्र वाऱ्यांचा आवेश उतरतो.
कोपऱ्याकोपऱ्यावर नरकासुराचे सांगाडे उभे राहतात,
बांबूचे, आतून पोकळ,
अजून कागद न चिकटवलेले.
पोरं खाली बसून खळ ढवळतात.

त्या संध्याकाळी फुगा सोडला
आणि तो कुठेच गेला नाही.
म्हणजे वर गेला, फक्त वर,
गाभाऱ्यातल्या ज्योतीसारखा सरळ.
रायबंदर नाही, समुद्र नाही.
कातरवेळ झाली तरी आकडे तेच:
खाली पुसट वारा, वर पुसट वारा,
दोघांचं एकमत.
आणि दक्षिणेला, लक्षद्वीपच्या अलीकडे,
उपग्रहाच्या चित्रात एक पांढरा ठिपका,
कालपेक्षा गोल.

बुलेटिन पाठवलं. मग इनासला फोन केला.
"आज भांडत नाहीत."
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
वाळूवरून जाळ्याची शिसं ओढल्याचा आवाज आला,
एक कुत्रा.
"साफ न्ही?"
"साफ नाही."
"पास्कू भायर आसा," तो म्हणाला, "बिरेस्तारासावन.
दर्या तेलासारको आशिल्लो."
मग म्हणाला, रात्री भांडले तर फोन कर.
कितीही वाजू देत.

खाली उतरताना पाहिलं,
पोरांनी नरकासुराला मुंडकं बसवलं होतं.
एवढा उंच, दोरी न बांधता,
आणि जरासुद्धा हलत नव्हता.

पुढचा फुगा साडेचारला.
मी गजर लावला नाही.