पारुरो गल्लीतली खरेदी

लिमाच्या आभाळाला आज रंग नाही,
ओल्या फडक्यासारखं ते पारुरो गल्लीवर वाळत पडलंय.
एदेल्मिरानं पैसे दोनदा मोजलेत:
एकशे ऐंशी सोल.
विसाची एक नोट वेगळी, मोज्यात,
बसची आणि रात्रीच्या जेवणाची.

सेन्योर बाल्तासार निळ्या आकड्यांचं सोल्डरिंग स्टेशन पुढे सरकवतो.
"चारशे ऐंशी अंश! डोळ्याचं पातं लवतंय तोवर!"
ती पिशवीतून एक मेलेला बोर्ड काढते,
जाड तांब्याचा, हट्टी,
सगळी आच गिळून ढेकरही न देणारा.
"यावर डाख देऊन दाखवा."

आकडा साडेतीनशेवर ठाम,
कथील मात्र ज्वारीच्या दाण्यासारखं घट्ट.
टोक कधीच निवलंय,
पडद्याला पत्ता नाही.

दुसऱ्याची वायर काठीसारखी ताठ,
संध्याकाळपर्यंत मनगट धरेल.
तिसरं बरं आहे. पण त्याची टोकं?
"मागवावी लागतील," तो खाली बघत म्हणतो.

मग तिची नजर आत जाते.
उघड्या पोटाचा रेडिओ,
शेजारी मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं,
चकतीवरचे आकडे पुसून गेलेलं
एक जुनं धूड.
"तुम्ही स्वतः कशावर काम करता, सेन्योर?"

तो उत्तर देत नाही.
बोर्ड घेतो, टोक टेकवतो.
कथील एकदम सैल पडतं,
तांब्याच्या कडेकडेनं चमकत
जागा भरून घेतं.

"हे विकायचं नाही."
चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहतो.
मग, बऱ्याच वेळानं,
"दोनशे."

एदेल्मिरा बुटाची नाडी सोडायला वाकते.