कोणतीही ड्राइव्ह आढळली नाही

अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये दुपारचे दोन.
पत्रा असा तापलाय
की कॉम्प्युटरच्या पंख्याचीच मला दया येते.

इन्स्टॉलर तिसऱ्यांदा सांगतो,
शुद्ध सरकारी मराठीत
(भाषा मीच निवडली, मास्तरांना वाचता यावं म्हणून):
कोणतीही ड्राइव्ह आढळली नाही.
खाली 'पुढे'चं बटण, करडं,
दाबलं तरी न दबणारं.

म्हंजी काय? येमूल मास्तर विचारतात.
म्हणजे नवीन संसार कुठं मांडायचा ते याला दिसत नाहीये.
पण डबी आत हाय की.
आहे.
फिरतीय पण.
कान गेलेत त्यांचे एकेचाळीस वर्षांच्या खडखडाटात,
म्हणून तळहात ठेवून बघतात,
चालत्या मागावर ठेवतात तसा.

त्या डबीत नऊ वर्षांची डिझाइनं:
मोर, हत्तींची रांग,
कुणा वधूवरांची नावं चादरीच्या काठावर
(त्यांची पोरं आता शाळेत असतील),
हैदराबादच्या एका हॉटेलचं बोधचिन्ह,
ज्याचं बिल अजून यायचंय.
दुसरी प्रत होती, पेनड्राइव्हवर.
पेनड्राइव्ह शेठच्या भाच्याच्या खिशात होती,
आणि भाचा गड्ड्याच्या यात्रेत, आकाशपाळण्यात, उलटा.

केबल बदलली.
बायोस उघडलं. पहिल्या पोर्टसमोर: रिकामा.
दुसरी केबल.
रिकामा.
आता डबीच गेली म्हणायची,
हे वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं.
शेठला फोन करून सांगायचा आवाजसुद्धा.

मास्तर म्हणाले, पोरी,
माग उभा राहिला तर आम्ही मागाला शिव्या घालत नाही.
चार हजार धाग्यांत एक तुटलेला असतोय.
बोटं फिरवायची.
आणि खिशातून काढला
फणीत धागा ओवायचा तो चपटा आकडा,
घासून घासून पितळेचा झालेला वाटावा असा.
थांबा थांबा, आधी वीज काढते मी.

चष्मा कपाळावर, नाक बोर्डाला टेकलेलं.
पोर्टच्या फटीतून हळूहळू
बाहेर आलं टॉवेलचं तूस,
पांढरं, लांबलचक,
जणू आत कुणी गुपचूप माग टाकला होता.
दोन्ही केबली मी त्याच पोर्टात खोचल्या होत्या.
हे मी त्यांना बोलले नाही.

बायोसमध्ये आता डबीचं नाव, नंबरासकट.
मास्तर दोन्ही हात जोडून, तेलुगूत काहीतरी.
इन्स्टॉलर पुन्हा लावला.
कोणतीही ड्राइव्ह आढळली नाही.

मी हसले. दुसरं काय करणार.
मग बायोसच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं:
एक जानेवारी, कितीतरी वर्षांपूर्वीची.
नाण्याएवढा सेल मेला होता.
बोर्ड सगळं विसरून
कारखान्यातून निघाल्या दिवशीसारखं वागत होतं,
एका डबीला चार डब्यांच्या पंगतीत शोधत.
रेड मोड काढला, एएचसीआय ठेवला.

आणि चौकटीत ओळी उमटल्या.
ड्राइव्ह शून्य, दोन विभाग, जवळपास भरलेले.
'पुढे' आता निळं.
माझं बोट माऊसवर.

नवीन संसार, म्हणाले होते मी.
पण जुना मोडला होता कुठं?
पेनड्राइव्ह उपटली, मशीन तसंच चालू केलं.
दोन मिनिटं काळं. तीन.
मास्तर पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

मग पडद्यावर हत्तींची रांग.

शेठनं नवीन इन्स्टॉलेशनचे बाराशे ठरवले होते.
मी चिठ्ठीवर लिहिलं: सेल, चाळीस रुपये.
मास्तरांनी वाचलं, चष्मा सावरला.
आणि आमच्या आकड्याचं?
म्हटलं, मास्तर, त्याची नोंद करायला
रकानाच आढळत नाहीये.
ते तूस त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं होतं,
फेकलं नाही अजून.