बाकी

कळमन्यात मृगाची संत्री उतरू लागली
की मार्च लागलेला असतो.
हेमराज सोनकुसरे, आमच्या गाळ्याचे मुनीम,
पावतीबुक मिटून मला म्हणाले,
"एक तारखेले एक संत्रा ठेव. दोनले दोन.
तीनले चार. चारले आठ.
असा दुप्पट करत जाय एकतीसवरी.
सारे मिळून किती झाले?"

उत्तर त्यांनाच पाठ होतं:
दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
"आता पेट्या भर. साऱ्या सारख्या पाहिजे."

दोन-दोन भरली, एक उरलं.
तीन-तीन, एक उरलं.
पाचात दोन. सहात एक. सातात एक.
डझनाच्या हिशेबात सात,
शेकड्यात सत्तेचाळीस.
"भागत नाही बे," ते म्हणाले,
वीस तारखेनंतर सगळेच म्हणतात तसं,
फक्त त्यात तक्रार नव्हती.

फेब्रुवारीचं असं नाही.
अठ्ठावीस दिवसांचा तीनातच विरघळतो.
लीप वर्षातला जरा टिकतो;
एकोणतीस ही स्वतः मूळ संख्या, वाटतं हाही पक्का,
पण दोनशे तेहेतीसपाशी आला
की ओल्या खोक्यासारखा तळातून सुटतो.

मोठी मूळ संख्या तोंडावरून ओळखता येत नाही.
एकेकाला विचारावं लागतं, तुझा भाग जातो का?
दोनपासून सेहेचाळीस हजार तीनशे सदतीसपर्यंत.
त्यापलीकडे कोणी भागीदार असलाच
तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता.
सगळ्या मिळून चार हजार सातशे ब्याण्णव.
सोनकुसऱ्यांनी त्या विचारल्या.
अकरा मार्च गेले.
रद्द पावत्यांच्या पाठीवर, कार्बनच्या निळ्या डागांवर,
कूलरचं पाणी उडून फिसकटलेले भागाकार
पुन्हा मांडत.

मी सायन्स कॉलेजात दोन वर्षं काढलेला.
हुशारी केली. "काका, ही एकतीसची करामत आहे.
हिला भागेल अशी मूळ संख्या
दोनशे अठ्ठेचाळीसने भागली तर
एक उरायला हवा, नाहीतर त्रेसष्ट.
तशा चौऱ्याऐंशीच होत्या तपासायला."

बाहेर हमाल ट्रकवर ताडपत्री ओढत होते.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"चौऱ्याऐंशीचा फेरा," हसले, "म्हंजे सुटलो असतो मी?"
मग बऱ्याच वेळानं,
"बाकीच्यायले काहून सोडाचं पण?
न विचारताच नाही म्हणाचं काय कोणाले?"

एकतीसला रात्री रोकड पैशाला पैसा जुळली.
फळीवर राहिलेलं एक संत्रं त्यांनी सोललं.
अकरा फोडी.
पाच मला, पाच त्यांना.
उरलेली अर्धी-अर्धी करू, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी कीर्दीत खाडाखोड केली.

फोड नेऊन त्यांनी मोठ्या काट्यावर ठेवली.
काट्याला ती कळलीही नाही.