एकतीस सह्या

मंगळवारी पहाटे साडेपाचला फोन आला:
आज कुणीही उडणार नाही.
हवा स्वच्छ होती. नजर पोचेल तिथवर
प्रेअरीवर कनोला पिवळीधमक फुललेली,
आणि आभाळ इतकं मोकळं
की न उडण्याला एकही कारण सुचेना.

हँगरमध्ये एकतीस विमानं,
काचेची झाकणं वर करून,
दातांच्या डॉक्टरपुढे आ वासल्यासारखी.
नेस्टरने विचारलं, "कुठे पडलं?"
कुठेच नाही.
लांबच्या एका तळावर, चाचणीच्या बाकावर,
इजेक्शन सीटचं काडतूस पेटलं नाही.
एवढंच.

अंगठ्याएवढं काडतूस.
त्याला जन्मात एकदाच काम,
आणि बहुतेकांच्या नशिबी तेही नाही.
पण त्या एका वेळी त्याने नुसता विचार जरी केला
तरी उशीर झालेला असतो.

खुर्ची वाचवणारी माणसं सगळीकडे असतात.
इथे खुर्चीने माणसाला वाचवायचं असतं.
मी एकोणीस वर्षं हेच करते आहे:
पट्टे ओढून पाहायचे, पिना मोजायच्या,
काडतुसाचा क्रमांक कागदाशी ताडायचा
आणि खाली सही: ओलेना हरासिमचुक,
शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.

काडतुसाच्या आत मात्र बघता येत नाही.
बघायचं तर ते पेटवावं लागतं
आणि पेटवलं की ते उरत नाही.
म्हणजे एकोणीस वर्षं मी
फक्त बाहेरून बघितलं, असं लिहून देत होते.
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी श्रीमती व्हर्बिट्स्कींचा फोन.
चौदा वर्षं दर वसंतात त्यांचं तक्रारीचं पत्र येतं,
तुमच्या आवाजाने कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणून.
आज म्हणाल्या, "सकाळपासून आवाज नाही.
सगळी धड आहेत ना पोरं?"
धड आहेत, म्हटलं.
"कोंबड्या बिचकून बसल्यात," त्या म्हणाल्या
आणि बराच वेळ फोन ठेवेनात.

कॅन्टीनमध्ये पोरं धड होती.
प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडून,
डोळे मिटून, उडत होती.
डावा हात पुढे-मागे, उजव्या मुठीत नसलेली दांडी,
ओठांवर चेकलिस्ट, पुटपुटत,
कुणी कलतंय, कुणी वळतंय,
एकाचं उतरताना पाऊल जरा जोरात आपटलं.

कडेला थीसन बसली होती. वय बावीस.
सोमवारी दोनदा उडाली ती, एकशे चौदा नंबरचं घेऊन.
एकशे चौदाचं काडतूस त्याच खेपेतलं,
हे मला सकाळी कळलं होतं.
तिला अजून नाही.

बघता बघता तिचे दोन्ही हात
गुडघ्यांमधल्या रिकाम्या जागेत गेले
आणि तिने ओढलं.
पाठ ताठ, हनुवटी वर, कोपरं आत,
शिकवलं तसं, अगदी तसंच.
मी हातात ट्रे धरून मोजत राहिले,
एक हजार एक,
एक हजार दोन,
सूप निवलं.

काढतानाही सही लागते.
संध्याकाळपर्यंत एकतीस झाल्या.
काडतुसं फोम घातलेल्या पेटीत, एकेक आपल्या खाचेत,
नव्यांना किती आठवडे, कुणी सांगेना.
नेस्टरने दिवे मालवले. धावपट्टीच्या मधल्या रेघेवर
एक गोफर दोन पायांवर उभा राहून
इकडेतिकडे बघत होता,
जणू परवानगीची वाट बघतोय.

घरी जाताना कॅन्टीनच्या दारातून डोकावले.
बाकीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.
थीसन अजून तिथेच, डोळे मिटलेले.
फरशी पुसणारी बाई तिच्यापाशी आली, थांबली.
थीसनने डोळे न उघडता
दोन्ही पाय वर उचलले,
खालून पोछा गेला,
आणि पाय तसेच
अधांतरी ठेवून
ती वळण घेत राहिली.