सांजावची विहीर

वहीचं पहिलं पान मला वाचता येत नाही.
फादर पास्कलनाही येत नाही, ते झारखंडचे.
शाई गंजाच्या रंगाची झालीय,
अक्षरं कारल्याच्या वेलासारखी एकमेकांत अडकलेली,
त्यात एकच शब्द ओळखीचा: बोर्केडा.
म्हणजे आमचं बोरखेड,
पण असं लिहिलंय जणू समुद्राकाठचं गाव.

चाव्या माझ्याकडे आहेत. आधी बापाकडे होत्या.
बाप सांगायचा, सात घरं आली,
कापसाच्या जिनात इंजिन बसवायला.
सहा गोव्याची.
सातवा मिनेझिस, थेट पोर्तुगालातून,
काळा लोकरी कोट घालून
मे महिन्यात दुपारच्या गाडीतून उतरला.
हमालांनी त्याला आधी सावलीत नेला,
मग नाव विचारलं.

माता आली रुईच्या गाठीत गुंडाळून.
वाटेत करंगळी मोडली होती.
झिंगरू सुतारानं सागाची करून बसवली,
थोडी जाडच झाली.
लोक अजून तीच करंगळी धरून मागणं मागतात.
गोऱ्या हातांना हात लावायला
कुणाला धीर होत नाही.

सणाला त्यांनी सोरपोतेल रांधलं,
आमच्या आज्यांनी रोडगे भाजले.
नेवऱ्यांत नारळ हवा होता, नारळ नव्हता,
जवस आणि गूळ भरला.
पुढं रेल्वेनं नारळ यायला लागले
तरी जवसच राहिला.

आणि सांजाव.
चोवीस जून, गळ्यात फुलांचे हार,
डोक्यावर कोपेल, आणि विहिरीत उडी:
त्यांच्याकडे तसं असतं, विहिरी काठोकाठ भरलेल्या.
इथं चोवीस जूनला
विहिरीच्या तळाशी बेडूकसुद्धा चालत फिरतो.
पहिल्याच वर्षी ज्योकी कुतिन्होनं
'व्हिवा!' म्हणून उडी घेतली
आणि चार महिने फळीवर पडून राहिला.
तो पडल्या पडल्या व्हायोलिन वाजवायचा,
जिनातल्या बाया रस्त्यात थांबायच्या.
त्यातली एक थांबलीच.
वहीत बाविसाव्या पानावर आहे तिचं नाव,
सखू, आणि कंसात काहीच नाही.

तेव्हापासून उडी नाही, दोर.
सर्वांत लहान पोराला पाळण्यात बसवून
आम्ही खाली सोडतो.

पानं उलटली की आडनावं बदलत जातात.
मिनेझिस, कुतिन्हो, कुतिन्हो,
मग तायडे, हिवराळे,
मग एक फिलोमिना गवई, शाई निळी, अक्षर बापाचं.
जिन बंद पडला त्या वर्षी
एका पानावर फक्त तीन बाप्तिस्मे, अकरा मृत्यू.
बाकीची घरं नागपूरला, इटारसीला, कुठं कुठं.

मागे राहिली एकटी आवदीत मिनेझिस.
अख्खं गाव तिला औदामावशी म्हणायचं.
लादाईन तिला तोंडपाठ, लॅटिनमधून.
आम्ही मागून म्हणायचो, 'ओरा प्रो नोबीस',
आणि कुंडलिक म्हातारा, ज्याचा धर्म वेगळा
पण आवाज मोठा,
दर वेळी म्हणायचा, 'ओरड पोरा, नऊ वीस!'
मावशी हसू दाबायची, सूर सोडायची नाही.
तिला पुरलं तेव्हा तोच सर्वांत पुढे होता,
खांद्याला खांदा मिळेना म्हणून
वाकून चालत.

यंदा लादाईन कुणी म्हणावी, यावर वाद झाला.
फादर म्हणाले, हिंदीत म्हणू.
हिवराळ्यांची सून म्हणाली, मराठीत काऊन नाही?
शेवटी अर्धी लॅटिनमध्ये, अर्धी आठवेल तशी.
कोपेल निंबाच्या डहाळ्यांचे,
फुलं नव्हतीच, कण्हेर तेवढी.

पाळण्यात बसवला रेनाल्डला, वय सहा,
तायड्यांचा नातू.
दोर आठ जणांनी धरला.
गिरकी कुरकुरली,
पोरगं अंधारात उतरत गेलं,
आधी हार दिसेनासा झाला, मग डोकं.
काठावर सगळे गप्प.
कुतिन्होचा पाय सगळ्यांना ऐकून माहीत.

आणि खालून एवढासा आवाज:
'पाणी हाये! अजून सोडा ना,
अजून सोडा...'