राण्या, पावणेदोन वाजता

चिपा नव्हत्या, वॉशर होते.
स्टीलचा शंभराला, पितळी हजाराला.
मीच काढले स्टोअरमधून, रजिस्टरात सही करून,
सकाळी परत करायच्या बोलीवर.

पैसा कोणाचाच लागला नव्हता.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
पगार हातात यायच्या आधी गावी गेलेला,
सोहारमध्ये आम्ही लावणार तरी काय?
लागली होती जुलैतली रजा.
एकच. अर्ज बावीस.
फोरमन म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा,
मला रविवारी एक नाव द्या.

अर्जात कारणाचा रकाना असतो.
कोणी लिहिलं आईचा मोतीबिंदू, कोणी स्लॅब,
मी लिहिलं वैयक्तिक.
श्रीवर्धनच्या बशीरभाई मुकादमांनी
रकाना कोरा ठेवला होता.
अर्ज माझ्या हातूनच वर गेले, म्हणून माहीत.

गुरुवारी रात्री मेसमध्ये चार टेबलं,
एक वाजता एकच.
बाद झालेले भिंतीला टेकून, काळा चहा घेऊन,
ज्याने हरवलं त्याच्याच बाजूने आता.
उरलो चौघं. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी दुप्पट,
म्हणजे नुसतं बसून राहायलाही भाडं.

अशा वेळी चांगला पत्ता
संध्याकाळच्या चांगल्या पत्त्यासारखा नसतो.
संध्याकाळी बादशहांची जोडी आली
तर तिला पाणी विचारावं, गप्पा माराव्यात,
दोन-तीन जणांना आत येऊ द्यावं.
आता वेळ नाही. आता आली की सगळं पुढे ढकलायचं,
आणि चेहरा स्टोअरकीपरचा ठेवायचा:
नग आहे की नाही, कळू द्यायचं नाही.

दीड वाजता आलेच बादशहा. काळे दोन्ही.
सगळं ढकललं. तिघांनी पत्ते टाकले.
वर्षातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालावा
आणि दारावर फक्त पाणीवाला यावा, तसं.
ब्लाइंड गोळा केले. वॉशर रचले.

पावणेदोनला राण्या.
बदामाची, चौकटची.
मी बोलणार सगळ्यांत शेवटी,
आणि माझ्या आधीच बशीरभाईंनी
दोन्ही हातांनी आपला ढीग पुढे सारला,
भाताचं ताट सारावं तसा, सावकाश.
मंगळूरच्या ग्रेगरीने टाकले.
नेपाळच्या दिलमानने टाकले.

हिशेब सोपा होता. दोनच जोड्या माझ्या वर:
एक्के आणि बादशहा.
बाकी जगातलं काहीही असो, मी पुढे.
हिशेब म्हणत होता, भर.
पण हा माणूस रिकाम्या रस्त्यावरही
हिरव्या दिव्याची वाट बघतो.
चार वर्षं बघतोय मी.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
बशीरभाई माझ्याकडे बघत नव्हते,
त्या बादलीकडे बघत होते.

मी राण्या टाकल्या.
घाबरलो म्हणून, की तो कोरा रकाना आठवला म्हणून,
हे मी तेव्हा ठरवलं नाही
आणि नंतर ठरवायला गेलो
तेव्हा उशीर झाला होता.

त्यांनी पत्ते दाखवले नाहीत.
पालथेच गड्डीत सरकवले.

पुढचं थोडक्यात.
मी एक्का-दश्शीवर गेलो, ग्रेगरी माझ्यामागोमाग.
तीनला पाच कमी असताना बशीरभाईंकडे
एक्का-बादशहा, एकाच रंगाचे,
दिसायला घराणं, पण अजून जोडी नाही.
दिलमानकडे नव्वा-अठ्ठी.
टेबलावर अठ्ठी आली, आणि नंतर काहीच आलं नाही.

दिलमान गेला जुलैत. मोतीबिंदू त्याच्याच आईचा.

बशीरभाईंनी चहाचे कप उचलले, धुतले.
मी वॉशर मोजले.
स्टीलचे बरोबर. पितळी एक कमी.
टेबलाखाली पाहिलं, खुर्च्या हलवल्या,
कोणाला विचारलं नाही.
रजिस्टरात परत आलेल्यांचा आकडा लिहिला
आणि राहिलेल्या एकासमोर:
वापरात.